पहिली सही

"उठ की आई, फळी दे. मोर्चा सुटायची वेळ झाली."

कुमारनं हे तिसऱ्यांदा म्हटलं, तरी रुक्माबाई उठल्या नाहीत. यंत्रमागाच्या पाठीशी आपल्या फळीवर बसून त्या नव्या ताण्याचा एकेक उभा धागा जुन्या ताण्याच्या टोकाला जोडत होत्या. बोटं राखेत बुडवायची, दोन टोकं जुळवायची, पीळ द्यायचा, सोडायचं. हजारो धागे. वडगावात हे काम हातानं करणाऱ्या बायका आता मोजक्याच उरल्या होत्या. मोर्चासाठी चारही माग बंद ठेवलेले. एरवी मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये अशा त्या घरात आज पत्र्यावरच्या चिमण्यांची पावलं वाजत होती.

कुमारच्या एका हातात रंगाचा डबा आणि ब्रश होता, दुसऱ्या हातात विणकरांचा अर्ज. परदेशी रेशमी कापडावर जबर आयात कर बसवा आणि परदेशी धाग्यावरचा कर उठवा, असं त्यात लिहिलं होतं. गल्लीत सगळ्यात वयस्कर विणकर म्हणून पहिली सही रुक्माबाईंची व्हायची होती.

"फ्लेक्सवाल्यानं ऐन टायमाला टांग दिली," कुमार म्हणाला. "फळीवर एवढंच लिवतो. 'परदेशी माल रोखा. स्वस्त कापडानं विणकर मेला.' मग बस परत."

"परदेशी माल म्हणं!" उंबऱ्यावरून भरमू बोलला. "अन् ह्या मागावर चढलाय तो धागा काय तुझ्या सासऱ्यानं कातलाय?"

भरमू रुक्माबाईंचा धाकटा भाऊ. माग सोडून त्यानं खानापूरच्या वाटेवर तुती लावली होती, रेशमाचे किडे पाळले होते. सकाळच्या पहिल्या बसनं तोही अर्ज घेऊन आला होता. त्याच्या अर्जात उलटं होतं. परदेशी धाग्यावर जबर कर बसवा.

"मामा, तुमच्याकडच्या कोषाचा धागा हाताहाताला तुटतोय," कुमार म्हणाला. "भायेरचा आठ दिस तुटत न्हाय, वर स्वस्त. त्याच्यावर कर बसला तर हे चार माग मोडीत घालायचे का?"

"मग बाजारात बाईनं भायेरची स्वस्त साडी उचलली तर तुझं का पोट दुखतंय रं? तिला बी स्वस्तच लागतंय की."

चहा घेऊन आलेल्या मनिषाला हसू फुटलं. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते पदराआड गिळलं.

"तू हास, मनिषा," भरमू म्हणाला. "माझी तुती मी शेरडांना घालतो, मग समदीच हासूया." मग तो बहिणीकडं वळला. त्याचा आवाज उतरला. "आक्का, त्याच्या कागदावर सही केलीस, तर भाऊबीजेला माझी वाट बघू नको."

रुक्माबाईंची बोटं थांबली. धागा कुठला ते त्यांच्या बोटांना केव्हाच कळायचं. भरमूकडचा खरबरीत, मधेच गाठाळणारा. बाहेरचा पाण्यासारखा सुळकन जाणारा. तो यायला लागला त्या वर्षापासून त्यांच्या बोटांना आराम पडला आणि भावाची तुती चार एकरांची दोन एकर झाली. दोन्ही त्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांची नजर खाली गेली. जिथं त्या बसल्या होत्या तिथंच पूर्वी हातमागाचा खड्डा होता. त्यात पाय सोडून त्यांचा नवरा विणायचा. कुमारच्या जावळाला रुक्माबाई नेसल्या ते लुगडं त्यानं तिथंच विणलं होतं. खड्डा बुजवून वर सिमेंट ओतलं, त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली.

भाच्यानं आणि मामानं दोन बाजूंनी दोन कागद पुढं धरले.

"सही मी एकदा केलीया," रुक्माबाई म्हणाल्या. "परत करायची न्हाय."

"कुठं केलीस? कवा?" कुमार चमकला. "मामानं आधीच घेतली व्हय?"

"माझा कागद कोरा हाय रं," भरमू म्हणाला.

रुक्माबाईंनी भावापुढं हात केला. "धर मला. गुडघं धरल्यात."

भरमूनं आधार देऊन त्यांना उभं केलं. कुमारनं घाईनं फळी उचलली. वरची बाजू बसून बसून आरशासारखी झाली होती. तिच्यावर रंग ठरायचा नाही म्हणून त्यानं ती पालथी केली, धूळ पुसली आणि ब्रश रंगात बुडवला.

ब्रश तसाच राहिला.

फळी कोरी नव्हती. निळ्या ऑइलपेंटची विटकी, पण ठसठशीत अक्षरं होती. त्याच्या वडिलांची, तात्यांची. 'यंत्रमाग रोखा. स्वस्त कापडानं विणकर मेला.' कडेनं गल्लीतल्या जुन्या माणसांच्या सह्या होत्या. सगळ्यात वर, लिहायला नुकतंच शिकलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, एकच नाव होतं. रुक्मा.

कुमारनं मान वळवून आपल्या चार यंत्रमागांकडं पाहिलं. त्याच्या खांद्यावरून भरमूनंही वाचलं. चौकात घोषणा सुरू झाल्या होत्या.

"तू पाळण्यात हुतास तवा," रुक्माबाई म्हणाल्या. "मोर्चा डीसी सायबाच्या हापिसापातुर गेलता."

"मला कधी दावली न्हाईस."

रुक्माबाईंनी बोटांची राख पदराला पुसली.

"तू पयला यंत्रमाग आणलास, त्या दिवशी तुझ्या तात्यानं खड्डा बुजवला अन् ही फळी पालथी घातली. म्हणाला, 'पोराचं पोट हाय. बस हिच्यावर, त्याला कधी वाचू देऊ नको.'"