मोठी कात्री

आईने मोठी कात्री उचलली आणि पाहुणीच्या हातात दिली. कोपऱ्यात काज करत बसलेल्या लेकीने सुई स्वतःच्याच बोटात घुसवली.

त्या कात्रीला लेकीने हात लावायचा नाही, असा दुकानाचा कायदा होता. शाळा सुटल्यापासून ती इथे बसत होती. काज तिचे, बटणं तिची, तुरपाई तिची, कपडे वेळेत झाले नाहीत की गिऱ्हाइकांची बोलणीही तिचीच. कापड बेतणार मात्र आई. "शिवण चुकली तर उसवता येते, धांदरट," आई म्हणायची. "कापलेलं कापड पुन्हा अख्खं होत नाही."

आणि या पाहुणीला येऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

पाहुणी ‘भगिनी-शहरा’तून आली होती. एकमेकांपासून लांब असलेल्या दोन शहरांनी बहिणी व्हायचं ठरवलं होतं. सरकारचा त्यात काही संबंध नव्हता. औषधाच्या दुकानाचा मालक, एक निवृत्त मास्तरीण आणि गल्लीतली चार रिकामटेकडी माणसं, एवढीच समिती. यंदा ठरलं की तिकडची एक शिवणारी महिनाभर इकडे राहील आणि इकडची एक तिकडे. कोपऱ्यावरच्या टेलरची मुलगी तिकडे गेली. ही इकडे आली.

तिच्यासोबत भेट म्हणून राखाडी लोकरी कापड आलं होतं. एकच तुकडा. त्याचा कोट शिवून निरोपाच्या कार्यक्रमात सभागृहात टांगायचा होता. लेकीने ते कापड मनातल्या मनात दहा वेळा बेतलं होतं. आईकडे तोंड उघडून मागितलंही होतं. आई म्हणाली होती, "बघू."

ते "बघू" आता समोरच्या टेबलावर चाललं होतं.

पाहुणीने कात्री चालवली. मुंढ्याच्या वळणावर, जिथे बाही बसते तिथे, पातं खडूच्या रेघेच्या आत घुसलं. बोटभर कापड गेलं.

खोटं कशाला सांगायचं, लेकीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता आभाळ फाटणार म्हणून ती वाट बघू लागली. तिने एकदा लहान कात्रीने चोरून एक साधं अस्तर कापलं होतं. ते तिरकं गेलं. आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ते अस्तर काढून दाखवत राहिली.

आई हसली. "असू दे, बाळा. होतं असं. आतून तुकडा लावू, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"बाळा?" लेक उठून उभी राहिली. मांडीवरची बटणं फरशीवर उधळली.

"ओरडतेस काय?"

"मला कधी म्हणालीस?"

"तुला कशाला म्हणायला हवं? तू घरचीच आहेस." आणि आई चहा टाकायला आत निघून गेली.

घरची. म्हणजे झाडू, इस्त्री आणि बोलणी. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

लेक पाहुणीसमोर जाऊन उभी राहिली. पाहुणी येण्याआधी भाषेच्या वर्गाला जाऊन आली होती. बोलायची मोडकंतोडकं, पण समजायचं सगळं.

"चोर आहेस तू," लेक म्हणाली. "गोड तोंडाची चोर. आलीस काय, माझी आई लुबाडलीस काय!"

पाहुणी रडली नाही, चिडलीही नाही. तिने फोन काढला आणि एक फोटो लेकीसमोर धरला. मोठ्या खिडकीचं शिवणकामाचं दुकान. एक जाडजूड बाई कोपऱ्यावरच्या टेलरच्या मुलीचा हात धरून तिला कापायला शिकवत होती. दोघी खिदळत होत्या.

"माझी आई," पाहुणी म्हणाली. "मला कात्री देत नाही. कधीच नाही. मी धांदरट." हा शब्द ती याच दुकानात शिकली होती. "हिला पहिल्या दिवशी दिली."

लेकीने फोटो नीट बघितला. पाहुणीने अंगठा टेलरच्या मुलीच्या तोंडावर दाबून धरला होता. नख पांढरं पडलं होतं.

"ती कार्टी शाळेतही अशीच होती," लेक म्हणाली. "कुणाच्याही घरात लाडात यायची. सटवी."

"सटवी," पाहुणीने शब्द घोकला. "सटवी."

दोघींनाही जरा बरं वाटलं. पण जराच. टेबलावर कात्री तशीच पडली होती. लेकीला ती आत्ता उचलता आली असती, आई काही बघत नव्हती. तिने उचलली नाही. चोरून तिने एकदा कापलं होतं, आता चोरून नको होतं.

आतून कपांचा आवाज आला. लेकीने चपला पायात सरकवल्या, रस्त्यावर गेली आणि मागे दार ओढून घेतलं.

आई दोन कप घेऊन बाहेर आली. एक पाहुणीचा, एक स्वतःचा. तेवढ्यात दार वाजलं.

"उघडंच आहे, या ना!" आई गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या आवाजात म्हणाली.

दार उघडलं. लेक बाहेरच उभी राहिली, आत आली नाही.

"आता ही काय थेरं?" आईचा आवाज लगेच बदलला.

"काकू," लेक म्हणाली, "मी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी आहे. आता तरी कात्री द्याल?"