तिशीतलीशी सामना

“दागिने काढलेत ना, बाई?” तपासणी करणाऱ्या मुलीने विचारलं. शाळेत खेळ शिकवताना बाईंनी हिलाच मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बाई मानेनेच हो म्हणाल्या आणि हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राखाली आडव्या झाल्या. पडद्यावर एक मणका भलताच चमकला. “कमरेला काय खोचलंय?” “शिट्टी. ती काय दागिना आहे?” निवृत्तीनंतरही पितळी शिट्टी अंगावेगळी झाली नव्हती. ती काढून पुन्हा तपासणी झाली. मुलगी चाचरत म्हणाली, “हाडं ठिसूळ झालीत, बाई.” “कुणाच्या मानाने?” “यंत्र तिशीतल्या तरुणीच्या हाडांशी तुलना करतं.” बाईंचा चेहरा उजळला. “सत्तरीत मला तिशीतलीशी भिडवलंस? शाब्बास! डॉक्टरांना म्हणावं, औषध द्या. पुढच्या वर्षी परत सामना!” गळ्यात शिट्टी अडकवून बाईंनी ती अशी फुंकली, की बाहेर ताटकळलेल्या साऱ्या बायका पाठ ताठ करून बसल्या.