रेवतीचं टेबल

गॅरेजमधल्या यंत्राने अभ्यासाच्या टेबलासाठी पुठ्ठा बाहेर ढकलला, तेव्हा खांबेटे आबांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. लाकडाची टंचाई झाल्यापासून यंत्र आधी विचारी, वस्तू कुणासाठी. मग त्या माणसाच्या तब्येतीची नोंद बघे आणि त्याला लागेल तितकेच दिवस टिकणारा माल देई. आबांनी याच गॅरेजात सगळ्या कॉलनीसाठी बाकं केली होती, झोपाळे केले होते. शेजारच्या पेंडसेकाकूंच्या चौरंगाला पुठ्ठा आला, तेव्हा यंत्र बिघडलं म्हणून सगळे हसले होते. पंधरवड्यात काकू गेल्या.

आबांनी स्वतःचं नाव टाकून पाहिलं. प्लायवूड आलं. मग एकेक अक्षर तपासत पुन्हा नातीचं नाव टाकलं: रेवती, वय सात.

पुठ्ठाच आला.

"आबा, जरा उंच करा हं," दारातून रेवती म्हणाली. "मी वाढणार ना."

आबांनी पुठ्ठा पायाने मागे सारला, स्वतःच्या वाट्याचं प्लायवूड पुढे ओढलं आणि कानामागची पेन्सिल काढून खूण दोन बोटं वर नेली.

"एवढं पुरे?"

"अजून," ती म्हणाली.