आतून झिजलेली फळी

किन्हीराजा गावच्या जगदेव सुताराची पोरगी ज्योत्स्ना शेलूबाजारच्या बाजारातून एक जुनीपुराणी गिटार घेऊन आली. ती कुठली, कुणाची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मागची फळी उकलली होती, म्हणून तिनं भर दुपारी गिटार बापाच्या कामाच्या बाकावर पालथी घातली आणि ती फळी पुरतीच काढली.

पुढच्या फळीवर, भोकाशेजारी, वाजवणाऱ्याच्या नखांनी लाकूड झिजलं होतं. जुन्या गिटारीला तसं होतंच. पण नेमक्या त्याच जागी ते आतूनही झिजलं होतं, आधाराच्या बारीक पट्ट्यांच्या मधोमध, बाहेरच्यापेक्षा खोल. बंद पेटीत तिथवर कुणाची बोटं पोचली असतील?

जगदेवनं वाकून पाहिलं आणि हातातला रंधा खाली ठेवला. "पोरी, चुलीत घाल हे."

"काहून? लाकूड ठोकून पाह्यल्याबिगर टाकाचं नाही, हे तुमीच शिकवलं ना मले?"

"हे नोको ठोकू."

"मंग तं ठोकतेच."

तिनं आतल्या खळग्यांत बोटं ठेवली. चारही अचूक बसली. तिनं हात मागं घेतला नाही. तिनं आतून टकटक केलं.

फळीच्या पलीकडून, बाकाच्या बाजूनं, तशीच टकटक आली.

जगदेव अंगणात जाऊन उभा राहिला. "बाहीर ये, ज्योत्स्ना."

"तुमी थांबा तिथं. मी नाही हटत."

तिनं पुन्हा बोट उचललं. ते लाकडाला टेकायच्या आधीच उत्तर आलं.