दोन दिवसांचे गहू

धाकट्या जावेच्या गळ्यात तिसरा हार पडला, तशी हिराक्कानं उगाचच पदरानं तोंड पुसलं. शालननं गावातल्या बायकांवर पुस्तक काय लिहिलं, सरपंचसुद्धा तिच्यापुढं वाकायला लागले. आणि जिनं सगळा जन्म या गावात काढला, ती हिराक्का शाळेच्या व्हरांड्यात मागच्या सतरंजीवर!

शालन पुस्तकातलं वाचायला लागली. हिराक्का नुसती चूक हुडकत होती. कुरडयांच्या गोष्टीत ती घावली. "नव्या सुनेनं गहू दोन दिवस भिजवले आणि चीक काढला," शालननं वाचलं.

हिराक्का उठून उभीच राहिली. "अगं, तीन दिवस भिजवल्याबिगर चीक सुटतोय व्हय? गावाचं लिहितीस आन् एवढंबी ठावं न्हाई?"

बायका खो खो हसल्या. हिराक्काला कसं गार गार वाटलं.

शालनही हसली. "आक्का, मी नवी नवरी होते, तेव्हा तुम्हीच मला दोन दिवस म्हणून सांगितलंत. सगळ्या कुरडया मोडल्या. सासूबाईंनी परत मला चिकाला हातच लावू दिला नाही. तुम्ही सगळ्याजणी कुरडया घालायच्या आणि मी कोपऱ्यात बसून तुमचं बोलणं वहीत उतरवायचे. त्याचंच हे पुस्तक झालं."

हिराक्काला आठवलं. तेव्हाही सासूबाईंच्या तोंडी या नव्या सुनेचंच कौतुक होतं.

शालननं गळ्यातला एक हार काढला आणि ती मागच्या सतरंजीकडं निघाली. हिराक्का मागं सरकली, तर पाठीला भिंत होती.