सतरा-बीचा वड

सकाळी नऊ चाळीसला पुण्याहून नागपूरला निघालेलं विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबलं आणि हवाई सुंदरी थेट सतरा-बी या आसनापाशी आली.

"सर, तुमचं झाड श्वास घेत नाहीये."

अच्युत मोकाशींनी खिशातून तिकीट काढलं. एका प्रवाशामागे एक जिवंत झाड, हे विमान कंपनीचं वचन तिकिटावरच छापलेलं होतं. झाड गेलं की प्रवासी खाली. तिकडे नागपुरात बारा सतराच्या मुहूर्ताला भाचीला बोहल्यावर न्यायला मामा म्हणून ते एकटेच होते.

"काल तर वड चांगला ठणठणीत होता!"

शेजारी बसलेल्या विशाखाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, आज वटपौर्णिमा. निघण्याआधी पूजा केली मी. सोसायटीत वड तो एकच."

"आणि दोरा?"

"खोडाला गुंडाळला. त्या काळ्या डबीवरूनच. सगळ्याच गुंडाळत होत्या."

"अगं, श्वास मोजायची डबी आहे ती!"

"मला काय माहीत? तुमच्याच आयुष्यासाठी केलं ना?"

"आयुष्याचं नंतर बघू. आधी नागपूर गाठू दे."

त्यांनी तळमजल्यावरच्या कानिटकरवहिनींना फोन लावला. "वहिनी, कात्री घ्या आणि डबीवरचे दोरे कापा."

"भावोजी, अठरा जणींचे दोरे आहेत. कुणाच्या नवऱ्याचा कापू?"

शेवटी जिचा दोरा तिनेच वर सरकवायचा, असं वडाखाली ठरलं. दहा पंचवीसला सतरा दोरे सरकले होते. राहिलेला एक विशाखाबाईंचा होता आणि त्याला हात लावायला कुणीच तयार नव्हतं.