पहिली रांग

चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ताईच्या गुडघ्यांनीच हात टेकले. सकाळपासूनचं हे पाचवं दार. युवा केंद्रातून गळालेल्या पोरांना परत आणायला ती निघाली होती. एकाने तर स्वतःच दार उघडून "तो घरी नाही" असं सांगितलं होतं.

शनिवारी वरच्या कार्यालयातले साहेब केंद्र आणि पोरांचं नाटक पाहायला येणार होते. सगळ्या वस्त्यांची पोरं समोर दिसली तर केंद्राचा हॉल राहणार, नाहीतर कुलूप. पंधरा वर्षं ताईने तो हॉल तळहाताच्या फोडासारखा जपला होता. आता मात्र तिला या सगळ्याचा वीट आला होता.

इथे, कपड्यांच्या कारखान्यात, टॉर्च नावाची पोरगी शर्टांना बटणं लावत बसली होती. हे नाव केंद्रातल्या पोरांनी ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी ती नाटकाचे दिवे चालवायला शिकायचं म्हणून आली, आणि पहिल्याच दिवशी तिने प्रश्न विचारून सगळ्यांचं डोकं खाल्लं. "पुढच्या वेळी दिवे नक्की तुझ्याकडे," ताई म्हणायची. पण पुढच्या वेळी कोणीतरी पाहुणे यायचे. टॉर्चच्या वस्तीतलं दुसरं कोणीच केंद्रात नव्हतं. मग तिने आपल्या लोकांचा रंगीत पोशाख घालून पहिल्या रांगेत मधोमध बसायचं. फोटो निघायचे. दिवे दुसरंच कोणीतरी लावायचं.

चार महिन्यांपूर्वी तिने येणं सोडलं. ताईने वहीत कारण लिहिलं होतं: घरची अडचण.

"शनिवारी येशील? तुझ्याशिवाय करमत नाही गं," ताई म्हणाली. ते खोटं नव्हतं. साहेबांचा विषय मात्र तिने काढला नाही.

टॉर्चने दाताने दोरा तोडला. ती रागावली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

"येईन ना. एवढे जिने चढून आलात तुम्ही." तिने सुईत नवा दोरा ओवला. "पाहुणे असतील ना? आमच्याकडचा ड्रेस इस्त्री करून ठेवते."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. पहिल्या रांगेत ही दिसली नाही तर साहेब काय लिहितील, ते तिला पाठ होतं.

"तो नको," ताई शेवटी म्हणाली. "काळे कपडे घाल. दिवे चालवणारं माणूस पाहुण्यांना दिसता कामा नये."